सोळावा प्रश्न

छापखान्यात त्यांना सगळे सूतभर म्हणत. पगारपत्रकावर त्यांचं पूर्ण नाव नीट लिहिलेलं असे, पण ते तिथून कधी बाहेर पडलं नाही. पुस्तकाचं पान मांडून, लावून झालं की ते मान तिरकी करून त्याच्याकडे बघत आणि स्वतःशीच म्हणत, "सूतभर वर घ्यायला हवं." मग घेत. पुन्हा बघत. "छे, सूतभर जास्त झालं." एकतीस वर्षं हे चाललं होतं. शर्टाच्या खिशात स्टीलची सहा इंची पट्टी असे. तिच्यावरचे आकडे इतके झिजले होते की, ती फक्त त्यांनाच वाचता येई.

त्यांची खोली पहिल्या मजल्यावर, बरोबर छपाईच्या मशिनच्या वर. मशिन सुरू झालं की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरायचं. खोलीत दोन टेबलं. एकावर सूतभरांचा कॉम्प्युटर, दुसरं खिडकीजवळचं काकूंचं. काकू म्हणजे मुद्रितशोधक. प्रूफं वाचायची, चुका काढायच्या, लाल पेनाने खुणा करायच्या आणि वर चार शब्द सुनावायचे, एवढं त्यांचं काम. त्या सूतभरांपेक्षा वर्षाने लहानच होत्या, पण काकू म्हणून रुजू झाल्यासारख्या पहिल्या दिवसापासून काकू होत्या.

छापखान्याचं मुख्य पीक म्हणजे परिचारिकांच्या शिक्षणाचं एक जाडजूड पुस्तक. चारशे ऐंशी पानं, बावीस प्रकरणं, दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती. त्याचं पान न् पान सूतभरांनी लावलेलं. थोरले मालक होते तेव्हा ते आल्यागेल्याला हे पुस्तक उघडून दाखवत आणि म्हणत, "ओळ बघा ओळ! सुरी फिरवल्यासारखी कडा आहे." थोरले मालक गेले. आता त्यांची मुलगी कारभार बघत होती. फ्रॉकमध्ये कागदाच्या रिळांवर उड्या मारताना तिला सूतभरांनी पाहिलं होतं, तरी ते तिला ताईच म्हणत. आणि ती त्यांना काका.

एका सोमवारी ताई वर आल्या. हातात एक कागद होता.

"काका, तुमचा कॉम्प्युटर आता दमलाय. नवा आणलाय खाली."

"चांगलंच झालं की."

"पण त्याच्यावर आपलं जुनं सॉफ्टवेअर चालत नाही. मी विचारलं सगळीकडे. ते बनवणारी कंपनीच बंद झालीये म्हणे, बारा वर्षांपूर्वी."

सूतभर दचकले. बारा वर्षं आपण एका बंद पडलेल्या दुकानाच्या ओट्यावर बसून धंदा करत होतो आणि आपल्याला पत्ता नाही!

"तीन नवी सॉफ्टवेअरं आहेत," ताई म्हणाल्या. "तिन्ही महिनाभर फुकट वापरून बघता येतात. तुम्ही एकच प्रकरण तिन्हींत लावून बघा आणि मला सांगा कोणतं घ्यायचं. हा तक्ता केलाय मी. पंधरा प्रश्न, प्रत्येकाला दहापैकी गुण."

"आणि तिन्ही नापास झाली तर?"

ताई सरळ म्हणाल्या, "तर पुस्तक बाहेर द्यावं लागेल, काका. पानं लावून देणारी मंडळी आहेत. नवी आवृत्ती सत्र सुरू व्हायच्या आत बाजारात हवी, मला थांबता येणार नाही. मग ही खोली कागद ठेवायला घेऊ. तुम्हाला आणि काकूंना खाली बाइंडिंगमध्ये काहीतरी बघू."

त्या गेल्यावर काकू प्रूफावरची नजर न उचलता म्हणाल्या, "काहीतरी बघू म्हणजे सुतळ्या मोजायला बसवू. नीट गुण द्या हो सूतभर. मला सुतळी मोजता येत नाही."

परीक्षेसाठी सूतभरांनी सातवं प्रकरण निवडलं. जखमा बांधण्याचं. सोळा पानं, त्यात नऊ आकृत्या, चार कोष्टकं, तळटिपा. सगळ्यांत अवघड तेच होतं. जुन्या सॉफ्टवेअरमधून मजकूर बाहेर काढला, नव्या कॉम्प्युटरवर नेला आणि कामाला लागले. तिन्ही सॉफ्टवेअरांची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात. चिन्हाच्या रंगावरून त्यांनी निळं, केशरी आणि हिरवं अशी आपली नावं ठेवली.

पहिला आठवडा निळ्याचा. ते उघडल्याबरोबर पडद्याच्या चारी बाजूंनी इतक्या पट्ट्या आणि चौकटी बाहेर आल्या की, पान मध्ये कुठेतरी पाहुण्यासारखं अंग चोरून बसलं. एक चौकट बंद करावी तर दुसऱ्या दोन उघडत. शिकण्यासाठी त्यांनी इंटरनेटवरचा एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस भरभर बोलायचा आणि दर वाक्यामागे म्हणायचा, "हे अगदी सोपं आहे." सूतभरांनी मोजलं. अकरा वेळा म्हणाला. बाराव्या वेळी त्यांनी त्याला बंद केलं.

"काय म्हणतोय तुमचा मास्तर?" काकूंनी विचारलं.

"म्हणतोय, आधी स्टाइल ठरवा आणि मग मजकूर ओता."

"स्टाइल? या वयात?"

"अहो, ती नव्हे. मथळ्याची, परिच्छेदाची. एकदा ठरवून ठेवायची म्हणे. मला काही झेपलं नाही. मी आपला हातानेच करतो."

आणि हातानेच केलं. मजकूर आत घेतला, तो बघतात तर काय! एक ओळ भरलेली, तिच्याखाली एकच शब्द लोंबकळतोय, पुन्हा एक भरलेली ओळ, पुन्हा एक शब्द. सोळा पानांचं प्रकरण तेवीस पानांवर गेलेलं. कोष्टकांतले आकडे तर गर्दीत हात सुटलेल्या पोरांसारखे भलत्याच रांगेत जाऊन उभे होते.

सूतभरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळी तशाच.

चार दिवस ते त्या ओळींशी झुंजले. एक नीट करावी तर खालची बिघडे. शेवटी तक्त्यात 'मजकूर नीट येतो का?' या प्रश्नापुढे त्यांनी दहापैकी एक गुण लिहिला आणि तोही सौजन्य म्हणून.

दुसरा आठवडा केशरीचा. ते दिसायला शांत होतं, पण प्रश्न फार विचारी. फाइल उघडायची का, कशी उघडायची, नक्की ना? आणि मजकूर आत घेतल्यावर तेच. भरलेली ओळ, एकटा शब्द, भरलेली ओळ, एकटा शब्द. तिसऱ्या आठवड्यात हिरवं. ते कायमचंच फुकट होतं, त्यामुळे सूतभरांनी मुळात आशा कमी ठेवली होती. तेवढीही पुरी झाली नाही.

आता मात्र ते पुरते गोंधळले. एक सॉफ्टवेअर वाईट असू शकतं. दोन असू शकतात. पण तीन वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांनी एकच चूक कशी करावी?

"कट असेल," काकू म्हणाल्या.

"कसला कट?"

"तुम्हाला बाइंडिंगमध्ये पाठवायचा. तीन देश कामाला लागलेत."

घरीही त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांच्या पत्नीने त्याच आठवड्यात जेवणाचं टेबल भिंतीपासून काढून खिडकीपाशी नेलं होतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना घरातल्या वस्तूंची बदली करण्याचा नाद लागला होता. टेबल नव्या जागी डगमगायला लागलं. सूतभरांनी चमचा उचलला की ताटाची कड टकटक वाजे.

"तिथली फरशी वाकडी आहे," ते म्हणाले.

"तीस वर्षांत वाकडी नव्हती, ती आज झाली?"

"मग टेबल बिघडलं असेल. हलवू नका म्हणत होतो."

"हलवलं म्हणून टेबल बिघडतं होय? काहीतरीच तुमचं. जेवा."

गुरुवारी त्यांनी तक्ता पुरा केला. बेरीज तीनदा केली, कारण बेरीज चुकलेली त्यांना खपत नसे. निळं एकसष्ट, केशरी अठ्ठावन्न, हिरवं पंचावन्न. दीडशेपैकी. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तिन्ही सॉफ्टवेअर या कामास अयोग्य आढळली.' तारीख घातली, सही केली. जे दिसलं ते लिहिलं, त्याला इलाज नव्हता.

ताईंनी कागद वाचला. "एकही नाही, काका?"

"एकही नाही."

"बरं." त्यांनी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. "मग मी सातवं प्रकरण बाहेरच्या मंडळींकडे नमुना म्हणून पाठवते. त्यांना जमलं तर सगळंच देऊ."

सूतभर जिना चढून वर आले. खाली मशिन सुरू झालं होतं. ग्लासातलं पाणी थरथरत होतं. काकूंनी आपल्या टेबलाच्या खणातली जुनी प्रूफं काढून त्यांचा गठ्ठा बांधायला घेतला. गठ्ठा बांधायला सुतळी लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ही एक. मोजायला सुरुवात केली."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सूतभरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. निळ्याचे आणि केशरीचे फुकटचे नऊ दिवस अजून शिल्लक होते. त्यांनी उगीचच केशरी उघडलं. सातवं प्रकरण समोर आलं. कोपऱ्यावरची धूळ पुसावी म्हणून त्यांनी कीबोर्डवर फडकं फिरवलं, आणि कुठलीतरी दोन-तीन बटणं एकदम दाबली गेली.

पानावर ठिपके उमटले. हजारो. प्रत्येक दोन शब्दांमध्ये ठिपका, काही ठिकाणी सलग दहा-दहा, वीस-वीस ठिपक्यांच्या रांगा. आणि खाली पडलेल्या प्रत्येक एकट्या शब्दामागे एक वाकडी आकडी, माशाच्या गळासारखी.

"काकू! अहो काकू, इकडे या."

काकू लाल पेन हातात घेऊनच आल्या. वाकून बघितलं. "अगबाई, मुंग्या लागल्या."

"पान खराब झालं. फडक्याने काय झालं देव जाणे."

"परत दाबा तेच."

"काय दाबलं तेच आठवत नाही ना!"

त्यांनी पान बंद केलं, दुसरं उघडलं. हे दुसरं पान सॉफ्टवेअरबरोबरच नमुना म्हणून आलेलं होतं, कुठल्याशा सहलीच्या माहितीपत्रकाचं. सूतभरांना वाटलं होतं, तिथे तरी मुंग्या नसतील. होत्या. पण शिस्तीत. दोन शब्दांमध्ये एक ठिपका, फक्त एक. आणि आकडी? ओळीच्या शेवटी नाहीच. अख्खा परिच्छेद संपला की मग एक. पुन्हा परिच्छेद, पुन्हा एक.

त्यांनी आपलं पान पुन्हा आणलं. जिथे एकटा शब्द, तिथे आकडी. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर चाळीस झाल्यावर थांबले. छापील पुस्तकातल्या पहिल्या पानावर ओळीही चाळीसच होत्या.

काकूंच्या लक्षात काही आलं नव्हतं. "ही आकडी म्हणजे काय असतं हो?"

सूतभरांनी पट्टी खिशातून काढली, उगीचच पडद्याला लावली आणि परत खिशात ठेवली. मग मजकुराच्या मधोमध एंटर मारला. टक्. तिथे एक आकडी उमटली. स्पेसबार मारला. ठिपका. पुन्हा मारला. पुन्हा ठिपका.

"काकू," ते हळूच म्हणाले, "या मुंग्या सॉफ्टवेअरच्या नाहीत. माझ्या आहेत."

एकतीस वर्षांपूर्वी ते या खोलीत आले तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. मजकुराच्या छापलेल्या लांब पट्ट्या येत. त्या ब्लेडने ओळीओळीने कापायच्या, डिंक लावून पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. ओळ सूतभर सरकवायची म्हणजे खरोखर बोटाने सरकवायची. पाच वर्षांनी कॉम्प्युटर आला. तो बसवायला आलेल्या माणसाने तीन दिवस शिकवलं आणि तो गेला. बाकीचं सूतभरांनी मनाने बसवलं. ओळ जिथे तोडावीशी वाटे, तिथे एंटर. आकडा जिथे उभा करावासा वाटे, तिथपर्यंत स्पेस. ब्लेड गेलं, एंटर आला. डिंक गेला, स्पेस आली. कागदावर ते सुरेखच उतरे. सुरी फिरवल्यासारखी कडा! ती कडा त्यांनी एकेक ओळ हाताने तोडून काढलेली होती, आणि ती तेवढ्याच मापाच्या अक्षराला, तेवढ्याच रुंदीला आणि त्याच एका सॉफ्टवेअरला बसत होती. नव्या ठिकाणी अक्षर सूतभर रुंद निघालं, शेवटचा शब्द ओळीत मावेना, खाली पडला. आणि त्याच्या मागोमाग त्यांचा एंटर होताच. तिन्ही सॉफ्टवेअरांनी इमानेइतबारे तो पाळला होता.

"म्हणजे चुकलं कोण?" काकूंनी विचारलं.

"तेच तर कळत नाही. पान चांगलं होतं की नाही?"

"चांगलंच होतं. मी तपासलंय."

"मग चांगलं पान चुकीचं कसं?"

काकूंनी लाल पेनाला टोपण लावलं. त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर सूतभर ओणवे होऊन भिंतीपाशी काहीतरी शोधू लागले.

"काय हरवलं?" पत्नीने विचारलं.

त्यांनी फरशीवरून एक चपटी, काळी पडलेली कागदाची घडी उचलली. लग्नानंतर टेबल आणलं तेव्हा त्याचा एक पाय आखूड पडत होता, म्हणून त्यांनीच ती खाली सरकवलेली. टेबल खिडकीपाशी गेलं आणि घडी जुन्या जागीच राहिली.

"फरशी वाकडी नव्हती," ते म्हणाले.

"हे मी चार दिवसांपूर्वी सांगितलं. घाला ती आता पायाखाली."

पण त्यांनी घडी हातातच धरून ठेवली. मग सगळी हकीकत सांगितली. पत्नीने ऐकून घेतलं.

"मग ताईंना सांगा."

"काय सांगू? पंचवीस वर्षं पानं चुकीची लावली? माझी नोकरीची राहिलीत चार वर्षं. बाहेरचे लोक लावतील, नाही तर नाही लावणार. खोलीत कागद भरतील. कोणाला कळणार आहे?"

"बाहेरच्यांना तुमच्या मुंग्या दिसणार नाहीत होय?"

हे सूतभरांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि काकूंचं काय?" पत्नी म्हणाल्या. "त्या बाईने काय गुन्हा केलाय? त्या बसणार सुतळ्या मोजत, आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसणार?"

टेबल टकटक वाजत राहिलं. त्या रात्री घडी कोणीच घातली नाही.

शनिवारी सकाळी सूतभर ताईंच्या खोलीत गेले. उभेच राहिले.

"माझा तक्ता परत द्या, ताई. तो चुकलाय."

"बेरीज?"

"बेरीज बरोबर आहे. बाकी सगळं चुकलंय." आणि त्यांनी सांगितलं. एंटर, स्पेस, आकड्या, ठिपके. मध्ये मध्ये ते स्वतःच गोंधळत होते. चांगल्या पानाला वाईट म्हणायचं की आपल्या हाताला वाईट म्हणायचं, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं. "सॉफ्टवेअरांचा दोष नाही. मी त्यांना जुना डिंक खायला घातला आणि वर म्हटलं, यांना पचत नाही."

ताईंनी पुढ्यातला एक छापील कागद त्यांच्याकडे सरकवला. "हे काल आलं बाहेरच्या मंडळींकडून. मला अर्थच लागेना. तुम्ही वाचा."

त्यात लिहिलं होतं की, मजकुराच्या प्रत्येक ओळीत हाताने तोड असल्यामुळे आधी सफाई करावी लागेल. तिचा खर्च पानं लावण्याइतकाच वेगळा पडेल आणि मुदतीची हमी देता येणार नाही.

"म्हणजे हेच ना?" ताईंनी विचारलं.

"हेच."

ताईंनी तो कागद परत आपल्याकडे ओढला. मग म्हणाल्या, "बाबा लोकांना दाखवायचे ती कडा..."

"हो. ती अशी केलेली होती."

"चारशे ऐंशी पानं हाताने?"

"दर आवृत्तीला."

हसावं की कपाळाला हात लावावा, हे बहुधा ताईंनाही कळत नव्हतं. "फुकटचे किती दिवस शिल्लक आहेत?"

"आज धरून आठ."

"सफाई करा. मग पुन्हा गुण द्या. आणि काका, या वेळी खरं काय ते कळू द्या. मला बाहेरचे परवडणार नाहीत, आणि चुकीचं सॉफ्टवेअरही."

सफाईचा पहिला प्रयत्न तर फारच वेगाने झाला. त्या भरभर बोलणाऱ्या व्हिडिओवाल्याने सांगितलं होतं की, शोधा आणि बदला असा एक हुकूम असतो. सगळे एंटर एकदम काढता येतात. सूतभरांनी हुकूम दिला. डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच सगळे गेले. सगळे म्हणजे अगदी सगळे! मथळे, आकृत्यांखालच्या ओळी, कोष्टकं, तळटिपा, सगळं एका दमात एकमेकांना चिकटलं. सातवं प्रकरण सोळा पानांचा एकच परिच्छेद झालं.

"अभिनंदन," काकू म्हणाल्या. "जखम बांधायला घेतली आणि पेशंटच गुंडाळला."

मग पुन्हा पहिल्यापासून. काकू जुनं छापील पुस्तक मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसल्या. त्या वाचत आणि जिथे परिच्छेद खरोखर संपे, तिथे म्हणत, "इथे." सूतभर तिथे एक, फक्त एक एंटर ठेवत. बाकीचे काढत. पण हात ऐकेना. ओळ कडेला आली की करंगळी आपोआप एंटरकडे जाई. काकूंनी त्यांच्याच खिशातली पट्टी काढून घेतली आणि करंगळी हलली की, टेबलावर टक् करून आपटू लागल्या.

"अहो, लागेल."

"टेबलाला मारतेय. अजून तरी."

"ओळ तिथे तुटायला हवी होती, काकू. नजरेला बरी दिसते."

"तुमच्या नजरेला विचारलंय कोणी? त्याला तोडू दे. तेच त्याचं काम."

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी स्वच्छ मजकूर तिन्हींत घेतला, आणि त्या व्हिडिओवाल्याची स्टाइल ही काय भानगड आहे, तेही अखेर करून पाहिलं. मथळ्याची एकदा ठरवली, तर सोळा पानांवरचे सगळे मथळे एकदम बदलले. सूतभर खुर्चीत मागे सरकले. असं काही होऊ शकतं, हे ते पंचवीस वर्षं ऐकत आले असणार, पण कानात शिरलं नव्हतं.

आता गुण. निळं एकशे अठरा, केशरी एकशे एकोणीस, हिरवं एकशे सतरा. बेरीज तीनदा केली. तीच.

"हे काय झालं?" ते वैतागून म्हणाले. "आधी तिन्ही सारखीच नापास, आता तिन्ही सारखीच पास. मग निवडायचं कशाच्या जोरावर?"

"डोळे मिटून बोट ठेवा."

"ताईंनी खरं काय ते सांगा म्हटलंय."

ते दिवसभर तिन्ही आलटून पालटून उघडत राहिले. निळं भाड्याने मिळत होतं, दर वर्षी. ते त्यांच्या बुद्धीला पटेना, पण पटत नाही म्हणून गुण कमी करणं न्यायाचं नव्हतं. हिरवं फुकट, फुकट म्हणून गुण वाढवणंही बरोबर नव्हतं. केशरीचा तो एक गुण जास्त कशाचा, हे तक्त्यात शोधलं तर तो 'रंग डोळ्यांना सोसतो का?' याचा निघाला. एका रंगासाठी चारशे ऐंशी पानं?

शेवटी, दिवस संपता संपता, त्यांनी तिन्हींत ते मुंग्यांचं बटण दाबलं. आता ते कुठे असतं हे त्यांना ठाऊक झालं होतं. निळ्यात मुंग्या फिकट निळ्या दिसत, आणि पान आखायच्या मदतीच्या रेघाही तशाच फिकट निळ्या. सगळं एकात एक. हिरव्यात इतक्या बारीक की चष्म्यातूनही संशय यावा. केशरीत मात्र ठिपका ठिपक्यासारखा, आकडी आकडीसारखी. त्यांनी मुद्दाम दोन शब्दांत तीन स्पेस मारल्या. तीनही ठिपके समोरून त्यांच्याकडे बघत राहिले.

सूतभरांनी तक्ता घेतला. पंधराव्या प्रश्नाखाली पट्टीने एक रेघ ओढली आणि सोळावा प्रश्न लिहिला. 'पान लावणाऱ्याची चूक दिसते का?' निळं तीन, हिरवं दोन, केशरी दहा.

ताईंनी तक्ता वाचला, सोळाव्या ओळीवर जरा जास्त वेळ थांबल्या आणि केशरीपुढे खूण केली. "राहिलेली एकवीस प्रकरणं?"

"साफ करायची आहेत. काकू पट्टी घेऊन बसतील म्हणाल्या."

"जमेल ना वेळेत?"

"माहीत नाही," सूतभर म्हणाले. असं उत्तर त्यांनी या खोलीत पूर्वी कधी दिलं नव्हतं. "कडा पहिल्यासारखी येईल की नाही, तेही माहीत नाही. सूतभर इकडेतिकडे होईल. पण या वेळी कुठेही हलवली तरी हलणार नाही."

ताईंनी मान डोलावली. कागद ठेवायच्या खोलीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

वर काकूंनी गठ्ठ्याची सुतळी सोडून प्रूफं परत खणात लावली होती. सूतभरांनी आठवं प्रकरण उघडलं. मुंग्यांचं बटण दाबून ठेवलं, ते आता बंद करायचं नाही असं ठरवूनच. पडदा मुंग्यांनी काळाभोर झाला. त्यांनी पहिल्या आकडीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही खरी की माझी?"

काकूंनी पुस्तकात बघितलं. "तुमची."

"आणि ही?"

"तुमचीच."

"ही?"

"थांबा, बघू दे... ही खरी."

सूतभरांनी ती तेवढी ठेवली.